अडतिसावी पावती

मिस्टर नेस्टर तेरबोन वर्षभराचे कागद बर्फाच्या पेटीत घालून आणतात. निळी पेटी, पांढरं झाकण. कोळंबी ठेवायची असते तसली. आत बर्फ नसतो, पण वास असतो. पेटी ते टेबलावर ठेवतात, आपली टोपी तिच्यावर ठेवतात आणि समोरच्या माणसाला सांगतात, "वाच."

मिस वर्ना कुरोल या खाडीवर छत्तीस वर्षं लोकांचे कर भरून देतायत. त्यांच्या हाताखालच्या एका मुलीला मिस्टर नेस्टरांनी रडवलं होतं. दुसरी मिस्टर नेस्टरांमुळेच विमा विकायला शहरात गेली, असं सगळे म्हणतात. जानेवारीत मिस वर्नांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तेरबोनांची फाइल माझ्या टेबलावर आली.

"कोरिन, नीट ऐक," मिस वर्ना म्हणाल्या. एका डोळ्यावर पांढरी पट्टी होती, त्यामुळे त्या नेहमीपेक्षा जास्त रागावलेल्या दिसत होत्या. "तेरबोनांच्या अकरा बोटी. सगळ्या नेस्टरच्या मागून येतात, बदकांच्या पिल्लांसारख्या. ही माणसं टिकली तर मला वर्षभर दोन जणींचा पगार निघतो. ती गेली तर एप्रिलनंतर या ऑफिसात मी आणि माझी मांजर."

त्या उगाच घाबरवत नव्हत्या. मला त्यांनी एप्रिलपर्यंतच घेतलं होतं आणि पुढचं तेव्हा बघू म्हणाल्या होत्या. मला मात्र ते 'पुढचं' रोज दिसायचं. ऑफिसच्या मागच्या खोलीत त्यांनी माझ्या रेमीसाठी जाळीचं कुंपण मांडू दिलं होतं. दहा महिन्यांचा रेमी त्यात बसून कागदाच्या रिकाम्या नळकांड्या चावायचा. मधलं दार उघडं ठेवलं की मला माझ्या खुर्चीतून त्याची छाती वर-खाली होताना दिसायची. इथली नोकरी गेली तर मला शहरातल्या हिशेबाच्या कंपनीत जावं लागणार होतं, जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, आणि रेमी बारा मुलांच्या पाळणाघरात. नोव्हेंबरात त्याला श्वास घेता येईना म्हणून नऊ दिवस हॉस्पिटलात नाकात नळी घालून ठेवलं होतं. माझा नवरा ब्रॉक पंधरा दिवस समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर असतो आणि पंधरा दिवस घरी. म्हणजे अर्धा महिना ते श्वास मोजायला मी एकटीच.

कॉलेजात मला हिशेब शिकवला, कायदा शिकवला. मिस्टर नेस्टर मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हते.

पहिल्यांदा ते आले तो मार्दी ग्राच्या आधीचा गुरुवार; उपवासाचे दिवस लागायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हा सण असतो. मच्छीमारांनी एक मार्चच्या आत विवरणपत्र भरलं की त्यांना वर्षभर दर तिमाहीला आगाऊ कर भरावा लागत नाही, त्यामुळे आमच्याकडे फेब्रुवारीचा शेवट म्हणजे नुसती धावपळ असते. मिस्टर नेस्टरांनी पेटी ठेवली, टोपी ठेवली. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"वाच."

"काय वाचू? अजून मी काही लिहिलंच नाहीये."

"मग लिही आणि वाच. जे माझ्या कानावरनं गेलं नाही त्याच्यावर मी सही करत नाही." मग त्यांचं लक्ष मागच्या खोलीकडे गेलं. "ते काय आहे?"

"माझा मुलगा."

"त्याचेही पैसे लावणार का मला?"

"तो फुकट आहे."

"मग त्यालाच बसव टेबलावर."

मी लिहीत गेले आणि वाचत गेले. डिझेल. बर्फ. जाळ्याची दुरुस्ती. प्रत्येक ओळीला ते "किती?" म्हणायचे, मी परत सांगायची, ते "हं" म्हणायचे, आणि ते "हं" असं असायचं की मला परत बेरीज करावीशी वाटायची. मला तशीही तीनदा बेरीज करायची सवय आहे. मग पेटीच्या तळातून एक बिल निघालं. रंगीत मण्यांच्या माळा, चौदा खोकी.

"हे काय?"

"जाहिरात."

"कसली जाहिरात?"

"मार्दी ग्राला मी बोटीवरून मणी फेकतो. लोक मणी बघतात, मण्यांबरोबर बोट बघतात."

"मिस्टर नेस्टर, तुम्ही सगळी कोळंबी धक्क्याला विकता. मणी झेललेल्या एखाद्या बाईनं कधी तुमच्याकडून कोळंबी घेतली का?"

"घेतली असेल. मी काय तिच्या मागे तिच्या घरी गेलो?"

"हे मला लिहिता येणार नाही. खाली माझी सही असते."

"वर्ना लिहायची."

पलीकडच्या टेबलावरून मिस वर्ना मान वर न करता म्हणाल्या, "वर्नानं जन्मात लिहिलं नाही."

मण्यांचं भांडण मी जिंकले. खरी अडचण उत्पन्नाच्या आकड्यापाशी आली. बोट धक्क्याला लागून माल उतरला की दर वेळी धक्क्यावर एक पावती फाडतात: बोट, परवान्याचा नंबर, तारीख, किती पौंड, काय भाव. वर्ष संपलं की धक्का सगळ्याची बेरीज एका कागदावर लिहून कोळ्याला देतो आणि तोच आकडा सरकारलाही कळवतो. मिस्टर नेस्टरांच्या पेटीत सदतीस पावत्या होत्या. त्यांची बेरीज धक्क्याच्या आकड्यापेक्षा सहा हजारांनी कमी भरत होती. मी तीनदा केली. मग चौथ्यांदा केली.

"धक्क्याचं चुकलंय," मिस्टर नेस्टर म्हणाले.

"मी त्यांच्याकडून यादी मागवते. उद्या याल का?"

"मला दुसरी कामं नाहीत असं वाटतं का तुला?" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी पायरीवर उभे होते.

त्या शुक्रवारी मिस वर्ना डोळ्याच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. ऑफिसात मी होते, रेमी होता, आणि धक्क्याकडून आलेला कागद होता. अडतीस विक्र्या. अडतिसाव्या पावतीची नक्कलही त्यांनी पाठवली होती: तीन हजार आठशे साठ पौंड कोळंबी, बोटीचं नाव मिस्टर नेस्टरांच्या बोटीचं, नंबर त्यांच्याच परवान्याचा. मला मनातून बरं वाटलं. कोडं सुटलं की मला बरं वाटतं. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी तो हातात घेतला नाही. लांबूनच पाहिला. "ही माझी नाही."

"नंबर तुमचा आहे."

"तारीख वाच."

"एक नोव्हेंबर."

"परत वाच."

"एक नोव्हेंबर, मंगळवार."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. "तू कुणाची ग?"

"जिस्क्लेअरांची. मार्सेल जिस्क्लेअरची मुलगी."

"मार्सेलची," ते म्हणाले. "आणि मार्सेलची पोर मला ही तारीख वाचून दाखवते."

त्यांचा आवाज उतरला होता, आणि मला वाटलं, ते मऊ पडले. म्हणून मी कॉलेजात शिकवलं होतं तसं समजुतीनं बोलायला गेले. म्हटलं, "मिस्टर नेस्टर, वर्षभरात एखादी पावती राहून जाते. होतं असं. पण सरकारकडे हा आकडा गेलाय. आपण कमी लिहिला तर सहा महिन्यांनी पत्र येईल, वर दंड येईल. राहिली असेल तर आत्ता लिहून टाकू. मी कुणाला काही विचारणार नाही."

"म्हणजे मी चोर."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलंस. पोरासमोर म्हटलंस."

त्यांनी कागद गोळा केले, एकेक करून, घाई न करता. पेटीचं झाकण लावलं, टोपी घातली. रेमीकडे बघून टोपीला हात लावला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि गेले.

मिस वर्ना दुपारी परत आल्या तेव्हा मी सांगितलं, एक पावती कमी होती, मी विचारलं, ते रागावून गेले. त्यांनी पर्स खाली ठेवली.

"पावती आहे म्हणतेस तर असेल," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. नेस्टर भांडतो, पिडतो, मण्यांची बिलं आणतो. लपवत नाही. छत्तीस वर्षांत मला त्याचा एक डॉलर लपवलेला सापडला नाही."

"कागद तर समोर आहे, मिस वर्ना."

"हो ना. कागद आहे आणि नेस्टर नाही."

शनिवारी मी त्यांना दोनदा फोन केला, रविवारी एकदा. कुणी उचलला नाही. सोमवारी मिस वर्नांचा भाचा सांगून गेला की नेस्टर पुलापलीकडच्या कर भरून देणाऱ्या बाईकडे दर विचारून आलाय. मिस वर्नांनी तेरबोनांच्या अकरा फायली काढून एकावर एक रचून ठेवल्या, आणि त्या ढिगाकडे मी दिवसभर बघत होते.

मंगळवारी मार्दी ग्रा. ब्रॉक फलाटावर होता. मी रेमीचे कान टोपीनं झाकून पाव तासासाठी खाडीकाठी नेलं, कारण पहिला मार्दी ग्रा चुकवला तर ब्रॉकच्या आईनं मला वर्षभर ऐकवलं असतं. सजवलेल्या बोटी एकामागून एक येत होत्या. मिस्टर नेस्टरांची तिसरी. ते जांभळा झगा घालून पुढे उभे राहून ओंजळी भरभरून मणी फेकत होते. आमच्यासमोर आले, मला पाहिलं, आणि दोन्ही हात झग्याच्या खिशात घातले. आम्ही मागे पडल्यावर परत बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, उपवासाचा पहिला दिवस. एक मार्चला बरोबर आठवडा राहिला होता. चर्चमध्ये सकाळच्या प्रार्थनेला फादरनी माझ्या कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि अंगठा रेमीकडे वळवला. मी म्हटलं, "फादर, अगदी थोडी. त्याच्या नाकात जाईल." मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मला आता त्याची सवय झाली आहे.

ऑफिसला जायला अर्धा तास होता. मी रेमीला घेऊन चर्चच्या मागे दफनभूमीत गेले, बाबांपाशी. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. विटांच्या कबरी ओळीनं उभ्या होत्या आणि बाबांची त्यात पांढरी स्वच्छ दिसत होती. हे मी डिसेंबरात पाहिलं होतं. तेव्हा वाटलं होतं, माझ्या चुलतभावानं, ट्रॅव्हिसनं, सफेदी केली. मनातल्या मनात त्याचे आभारही मानले होते. दर वर्षी ते काम मी करते. या वेळी मला जमलं नव्हतं, कारण सर्व संतांच्या दिवशी मी हॉस्पिटलात होते.

सर्व संतांच्या दिवशी. एक नोव्हेंबरला.

मी तिथेच शेजारच्या कबरीच्या काठावर बसले. त्या दिवशी आमच्या खाडीवरून बोट सुटत नाही. चांगला हंगाम असो, भाव चढलेला असो, वारा अनुकूल असो. पहाटेपासून सगळी माणसं आपापल्या कबरींना सफेदी करायला इथे असतात, बादल्या, ब्रश, फुलं, म्हाताऱ्यांसाठी घडीच्या खुर्च्या. दुपारी फादर रांगेरांगेतून पाणी शिंपडत फिरतात. आमच्याकडच्या पाच वर्षांच्या मुलाला विचारा, एक नोव्हेंबरला कोळंबी कोण पकडतं? तो तुम्हाला वेड्यात काढेल. आणि मी ती तारीख एकदा नाही, दोनदा मोठ्यानं वाचली होती. मला त्या तारखेला एकच गोष्ट आठवत होती, पडद्यावरचा आकडा, प्राणवायू एक्क्याण्णव, आणि नर्सनं सांगितलेलं, नव्वदच्या खाली गेला की मला हाक मारा.

मी मिस वर्नांना फोन लावला.

"मिस वर्ना, सर्व संतांच्या दिवशी मिस्टर नेस्टर कुठे होते?"

"हा काय प्रश्न? सिमेट्रीत."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी काय, सगळ्या गावानं पाहिलं. सहाला बादली घेऊन हजर होता. संध्याकाळी अंधार पडेपर्यंत. तीन रांगा केल्या एकट्यानं. ज्यांचं कुणी आलं नाही त्यांच्याही केल्या. तुझ्या वडिलांची त्यानंच केली ना. तुम्ही सगळी तिकडे हॉस्पिटलात अडकलेली." मग थांबून म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं?"

रेमी माझ्या कपाळावरच्या राखेला बोट लावून ते तोंडात घालायच्या बेतात होता. मी त्याचा हात धरला.

"कोरिन? त्या पावतीवर तारीख काय आहे?"

मी सांगितली.

मग मिस वर्ना म्हणाल्या, "आधी का नाही बोललीस ग, माझे आई."

गुरुवारी सकाळी मी धक्क्यावर गेले. तिथल्या ऑफिसात शेरी नावाची बाई वीस वर्षं आहे. तिच्या मागे भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका बोटीचं प्लास्टिकचं कार्ड. नियमानं ते कार्ड कोळ्यानं स्वतःजवळ ठेवायचं, माल विकताना द्यायचं, ते यंत्रात घातल्याशिवाय पावती छापून येत नाही. आमच्याकडे कुणी जवळ ठेवत नाही. खिशात भिजतं, बोटीवर हरवतं, म्हणून सगळे शेरीच्या खिळ्यावर अडकवून जातात. माझे बाबाही तेच करायचे.

मी शेरीपुढे पावती ठेवली. ती हसायला लागली. "एक नोव्हेंबर? अग, त्या दिवशी मी स्वतः सिमेट्रीत होते. इथे तो ह्यूस्टनकडचा नवा माणूस बसवला होता, नाताळच्या आधी सोडून गेला तो. त्याला सांगून गेले होते, आज कुणी येणार नाही, नुसता फोन उचल." बोलता बोलता तिचं हसू गेलं. तिनं खिळ्यांकडे पाहिलं. पहिल्या रांगेतला पहिला खिळा मिस्टर नेस्टरांचा.

त्या दिवशी फाडलेल्या चेकचं, चेकबुकात राहिलेलं अर्धुक सापडायला एक तास लागला. चेक टेक्ससच्या एका बोटीच्या कप्तानाच्या नावाचा होता. इंजिन तापलं म्हणून ती बोट आमच्या धक्क्याला लागली होती, होता तो माल विकून गेली. कार्ड त्यांच्याजवळ होतं की नाही कोण जाणे. यंत्र कार्ड मागत होतं, आणि भिंतीवर तर कार्डंच कार्डं होती. पैसे गेले ज्याचे त्याला. पावती मात्र नेस्टर तेरबोनच्या नावानं फाटली.

"नेस्टरला काय सांगू मी आता?" शेरी म्हणाली.

"तुम्ही दुरुस्त केलेला कागद द्या. सांगायचं मी बघते."

असं म्हणाले खरी, पण शुक्रवारी खाडीकाठी त्यांच्या बोटीपाशी उभी राहिले तेव्हा हाक मारायच्या आधी मी कागद तीनदा तपासले. बोट दुरुस्तीसाठी काठावर ओंडक्यांवर चढवलेली होती. तरी खाली पाणी दहा पावलांवर होतं, म्हणून मी रेमीला तरंगायचं जाकीट घातलं होतं. मिस्टर नेस्टर वरून डोकावले.

"जमिनीवर बुडतो का तो?"

"त्याबद्दल तुम्ही काही बोलू नका."

"बोलत नाही," म्हणाले. मग शिडी खाली सोडली. रेमीला आधी वर घेतलं, मग मला हात दिला.

मी दुरुस्त केलेला कागद काढला, चेकची नक्कल काढली, काय झालं ते सांगितलं. ते ऐकत होते, हातात जाळं होतं आणि बोटं आपली विणत होती. मी म्हटलं, "मी चुकले, मिस्टर नेस्टर. तुम्ही मला तारीख दोनदा वाचायला लावलीत आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी तुम्हाला नको ते बोलले. पोरासमोर बोलले."

"पोराला काही कळलं नाही."

"मला कळलं." मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "पण तुम्ही सरळ सांगितलं का नाहीत, की मी त्या दिवशी सिमेट्रीत होतो?"

"कुणाला सांगू? मार्सेलच्या पोरीला? एक नोव्हेंबरला माणूस कुठे असतो ते?"

"मी त्या दिवशी हॉस्पिटलात होते."

"ठाऊक आहे मला." जाळ्यावरची बोटं थांबली. मग ते म्हणाले, "ठाऊक होतं. त्या खुर्चीत बसल्यावर आठवलं नाही. राग आला की माझं डोकं चालत नाही. माझी बायको असती तर तिनं आठवण केली असती, टेबलाखालून लाथ मारून."

त्यांची बायको गेल्याला दोन वर्षं झालीत. तिसऱ्या रांगेत आहे ती, बाबांच्या मागेच. मला एवढं पुढचं दिसत होतं, आणि त्यांना खुर्ची दिली तर ते का बसत नाहीत, ते एकदाही मनात आलं नव्हतं. आधी ती त्यांच्याबरोबर यायची आणि दोन खुर्च्या लागायच्या.

"बाबांची कबर तुम्ही केलीत," मी म्हटलं. "मला काल-परवा कळलं. मी डिसेंबरपासून भलत्याचेच आभार मानत होते."

"चुना उरला होता."

"मिस वर्ना म्हणाल्या, तीन रांगा केल्यात."

"पुष्कळ उरला होता." त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि रेमीच्या जाकिटाचा बंद, मी ढिला बांधला होता तो, घट्ट केला. "हा बरा आहे आता?"

"बरा आहे."

"छाती वाजते?"

"नाही. मी रोज कान लावून ऐकते."

"ऐकत जा," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत मला असं म्हणणारे ते पहिलेच. बाकी सगळे सांगतात, इतकी काळजी करू नकोस.

मग त्यांनी एक लाकडी खोकं उलटं करून माझ्यापुढे ठेवलं, दुसरं स्वतःसाठी ठेवलं, आणि बसले. "हं. वाच."

मी सगळं विवरणपत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. चाळीस मिनिटं लागली. डिझेलवरून दोनदा अडलो. सप्टेंबरच्या बर्फापाशी त्यांनी हात वर केला. "सप्टेंबरात बर्फ पाच वेळा घेतला मी. तू चार म्हणालीस." मी पावत्या काढून पाहिल्या. दोन पावत्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या आणि मी त्या एक धरल्या होत्या. तीनदा बेरीज करून, तिन्ही वेळा. मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं आणि परत वाचलं.

"आता बरोबर," ते म्हणाले. "मणी?"

"नाही."

"एक खोकं?"

"नाही, मिस्टर नेस्टर."

"बरं." त्यांनी पेन मागितलं आणि सही केली. पाण्यात फिरून बोट ढकलणारा नवा पंखा घ्यायचा होता त्यांना, मे महिन्यात पहिला हंगाम उघडायच्या आत. त्या चुकीच्या पावतीवर जेवढा कर बसत होता तेवढ्यात पंख्याची निम्मी किंमत निघत होती. हे मला त्यांनी त्या दिवशी सांगितलं, आधी नाही. आधी सांगितलं असतं तर मी आणखीच खात्रीनं त्यांना खोटं ठरवलं असतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

शिडीवरून उतरताना मी विचारून टाकलं. "बाकीच्या दहा बोटी?"

"सोमवारपासून पाठवतो. सगळ्यांना वाचून दाखव, मला दाखवलंस तसं. ओव्हिदला कमी ऐकू येतं, त्याच्यासाठी ओरडावं लागेल. पोराला तेव्हा बाहेर ने."

दहाच्या दहा आले. सोमवारी चार, मंगळवारी तीन, बुधवारी तीन, प्रत्येक जण आपापली पेटी घेऊन. त्यांना मी वाचून दाखवावं अशी त्यांची काही मागणी नव्हती. पण नेस्टरनी सांगून ठेवलं होतं, म्हणून ते हात बांधून बसायचे आणि ऐकायचे. ओव्हिदच्या वेळी रेमीला मिस वर्नांनी मांजरीसकट अंगणात नेलं. दोघा जणांनी ऐकता ऐकता स्वतःच आपली चूक पकडली. एक जण झोपला. ऑफिसात वास असा भरला की टपालवाला दारातूनच पाकिटं फेकायला लागला.

एक मार्चला दुपारी साडेतीनला शेवटचं विवरणपत्र गेलं. माझा आवाज पूर्ण बसला होता. मिस वर्नांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती आणि त्या दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होत्या.

"ब्रॉक जूनमध्ये कुठल्या पंधरवड्यात बाहेर आहे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. म्हणून कागद घेतला आणि तारखा लिहिल्या. सहाचा आठ झाला, तो खोडून परत लिहिला. मिस वर्नांनी कागद घेतला, चष्मा नाकावर ओढून वाचला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचणीनं लावला.

"त्या दिवसांत नऊला आलीस तरी चालेल," त्या म्हणाल्या. "आणि जुलैच्या पण दे."